कार्डाच्या मागच्या बाजूला



मागच्या दिवाळीत आमच्या गटाने ४०० शुभेच्छापत्रं केली. तालुक्याच्या एका दुकानाची ऑर्डर होती. पणतीचा आकार कापायला हाताने फिरवायचं छोटं यंत्र, वेलबुट्टीला स्टेन्सिल आणि कोपऱ्यातल्या मोराला रबरी ठसा. आम्हाला एका कार्डाचे १८ रुपये मिळाले. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी त्या दुकानात गेले, तर आमचंच कार्ड ५५ रुपयांना लावलेलं. त्याचं मला फारसं वाटलं नाही. दुकानाला भाडं असतं, विजेचं बिल असतं. पण मी कार्ड उलटं केलं, तर मागे दुकानाच्या नावाचा सोनेरी स्टिकर. तिथे आम्ही आमच्या गटाचं नाव लिहिलं होतं, ते नेमकं त्याच्याखाली गेलं होतं.

घरी येताना एसटीत सारखं तेच डोक्यात. मग मला नादच लागला. अशी कार्डं आधी कोणी केली आणि त्यांच्या मागे कोणाचं नाव होतं, हे वाचत सुटले. मुलीने मोबाईलवर शोधून दिलं, काही वाचनालयात मिळालं. तेच आज तुम्हाला सांगते.

आधी स्टेन्सिलचं सांगते, कारण त्यात आपल्याकडचं एक नाव आहे. स्टेन्सिल आपल्याला नवीन नाही. रांगोळीचा भोकाभोकाचा छाप, पोत्यावर नाव टाकायचा कापलेला पत्रा, ही स्टेन्सिलच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरच्या मुली स्टेन्सिलने फुलं, फळं, पक्षी रंगवायला शिकत. त्या कामाला तिकडे नाव काय होतं माहीत आहे? 'पूना पेंटिंग'. पूना म्हणजे आपलं पुणं! तेल लावून पारदर्शक केलेला कागद चित्रावर ठेवायचा, आकार कापायचे आणि जवळजवळ कोरड्या, आखूड केसांच्या ब्रशने रंग थोपटत भरायचा. एकमेकांना लागून असलेल्या दोन पाकळ्या एकाच कागदात कापायच्या नाहीत. एक पहिल्या कागदात, शेजारची दुसऱ्या कागदात. त्यामुळे मध्ये पांढरी रेघ राहत नाही आणि चित्र स्टेन्सिलचं वाटत नाही. (ही युक्ती आम्ही उचलली आहे. झेंडूला फार छान लागू पडते.)

आता ही कला पुण्याहून तिकडे गेली असं मात्र समजू नका. पूर्वेकडच्या कामाची ती तिकडे केलेली नक्कल होती. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, त्या सुमाराला पुण्याचं नाव इंग्रजांच्या तोंडी होतं. लांबच्या देशाचं नाव लावलं की माल खपतो, हे तेव्हाही ठाऊक होतं. म्हणजे रंग भरणारे हात इंग्लंडचे आणि नाव पुण्याचं. अमेरिकेत याच कामाला 'थिअरम पेंटिंग' म्हणत आणि मुलींच्या शाळांत ते शिकवत. या पद्धतीने रंगवलेली प्रेमाची शुभेच्छापत्रंही होती.

त्या काळी दिवाळी-नाताळच्या कार्डांपेक्षा १४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन कार्डांची चलती होती. टपाल स्वस्त झालं आणि ती आणखी वाढली. इंग्लंडमध्ये १८४० पासून एका पेनीत पत्र देशभर कुठेही जाऊ लागलं. अमेरिकेने १८४५ मध्ये दर उतरवले. आपल्याकडे १८५४ मध्ये अर्ध्या आण्यात साधं पत्र देशात कुठेही, असा दर आला. संक्रांतीला पाकिटात चार हलव्याचे दाणे आणि कार्ड घालून पाठवायची पद्धत आपल्यातल्या कितीतरी जणींना आठवत असेल. स्वस्त टपाल नसतं तर ती कुठून आली असती?

इंग्लंडच्या कार्डांवर कागदी लेस असायची. ती कशी करत ते ऐका. मोदकाच्या साच्यात दाबल्यासारखा कागद नक्षीच्या साच्यात दाबला, की नक्षी वर उचलून येते. लंडनच्या डॉब्ज कंपनीतल्या जोसेफ अ‍ॅडनब्रुक नावाच्या कामगाराने १८३४ मध्ये ती वर आलेली नक्षी कानशीने घासली. उंचवटे गेले, तिथे भोकं पडली आणि कागदाची जाळी झाली. पुढे जर्मनीहून रंगीत छापलेली, साच्याने आकार कापलेली फुलं-पाखरं येऊ लागली. ती पानभर एकमेकांना कागदाच्या बारीक पट्ट्यांनी जोडलेली असत. तोडायची आणि चिकटवायची. आज आपण डाय-कट म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेत बोस्टनपासून ६०-६५ किलोमीटरवर वूस्टर नावाचं गाव आहे. तिथे एस्थर हाऊलँड नावाची मुलगी होती, जन्म १८२८चा. वडिलांचं पुस्तकांचं आणि वह्या-कागदांचं मोठं दुकान. तिने माउंट होलिओक इथे मुलींच्या शाळेत शिक्षण घेतलं. त्या शाळेत फी कमी ठेवण्यासाठी स्वयंपाक, झाडलोट मुलीच करत. १८४७ मध्ये ती शिकून घरी आली आणि वडिलांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून आलेलं इंग्लंडचं कार्ड तिच्या हातात पडलं. याहून चांगलं मी करीन, असं तिला वाटलं. वडिलांकडून तिने इंग्लंडची लेस आणि रंगीत कागद मागवून घेतला आणि डझनभर नमुने केले. भाऊ दुकानाचा माल विकायला फिरतीवर निघाला होता, त्याच्याकडे ते दिले. तिची अपेक्षा २०० डॉलरच्या ऑर्डरची. भाऊ परत आला तो ५००० डॉलरच्यावर ऑर्डर घेऊन!

पोटात गोळा आला असेल तिच्या. आपल्याला १०० पापडांऐवजी अडीच हजारांची ऑर्डर आली तर जे होईल तेच. तिने मैत्रिणींना बोलावलं. घराच्या वरच्या मजल्यावर मोठं टेबल मांडलं. एकीने चित्रं कापायची, दुसरीने मागचा कागद लावायचा, तिसरीने लेस, चौथीने फुलं. कार्ड हातोहात पुढे सरकत जायचं. लेसच्या जाळीखाली चकचकीत रंगीत कागदाचा तुकडा घालायची कल्पना तिची, म्हणजे भोकांतून रंग डोकावतो. कागदाच्या घड्यांची छोटी स्प्रिंग करून तिच्यावर लेस बसवायची, म्हणजे ती उचलून येते. हे दोन्ही करून पाहा, खर्च काहीच नाही.

काम वाढलं तशी तिने आणखी एक सोय केली. ज्यांना घर सोडून येता येत नव्हतं, त्या बायकांकडे पेटी पाठवायची. पेटीत एक तयार नमुना आणि त्याप्रमाणे लागणारं सगळं सामान. आठवड्याने गाडीवाला पेटी परत न्यायचा आणि हाऊलँडबाई स्वतः एकेक कार्ड तपासायच्या. तयार कार्डाच्या मागे लाल शाईने लहानसा ठसा उठायचा. एच अक्षराचा. एच म्हणजे हाऊलँड.

इथे मी वाचता वाचता थांबले. पेटी घरी येते, नमुन्याबरहुकूम माल जातो, तपासणी दुसरीकडे होते. हे तर आपल्याकडच्या विडीसारखं झालं. पान-तंबाखू मोजून घरी येतं, विड्या मोजून जातात, मनाला येईल तेवढ्या नापास होतात आणि बंडलावर लेबल कारखान्याचं. घरकामातून न सुटणारीला चार पैसे घरबसल्या मिळाले, ही हाऊलँडबाईंची करणी मी कमी समजत नाही. शिवाय बाईने स्वतःच्या नावाचा धंदा उभारायचा, हे त्या काळात सोपं नव्हतं. पण वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या संग्रहात ती कार्डं आज जपून ठेवली आहेत, त्यांच्या मागे एच आहे. लेस चिकटवणारीचं नाव नाही. ती कोण होती, तिला मुलं किती, दिव्याच्या उजेडात बसून करायची की दुपारी, ते कार्ड काही सांगत नाही.

पेटीची पद्धतच वाईट असं म्हणता येणार नाही. मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथेही पीठ घरी न्यायचं आणि पापड लाटून आणून द्यायचे. पण तिथे लाटणारीच संस्थेची सभासद असते, भागीदार असते. पेटी तीच, पण तिची मालकीण कोण, यावर सगळं येतं.

हाऊलँडबाईंचं पुढचं थोडक्यात सांगते. १८६६ मध्ये पडून त्यांचा गुडघा दुखावला. पुढे बराच काळ चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी धंदा चालवला. नंतर त्याला न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी असं नाव दिलं आणि मागच्या ठशावर कंपनीची अक्षरं आली. १८७९ मध्ये त्यांनी कवितांचं एक पुस्तक काढलं. त्यात १३१ छोट्या कविता, वेगवेगळ्या रंगांत छापलेल्या. कार्ड आवडलं पण आतला मजकूर आवडला नाही, तर दुसरा कापून त्याच्यावर चिकटवायचा. गिऱ्हाईक मजकुरावरून परत जाऊ नये म्हणून केवढी ही अक्कल! आम्ही 'शुभ दीपावली' छापून बसलो आणि ६० कार्डं उरली. आतला कागद वेगळा ठेवला असता तर तीच संक्रांतीला गेली असती.

१८८१ च्या सुमाराला वडील आजारी पडले. त्यांची सेवा करायला बाईंनी धंदा विकला. घेणारा जॉर्ज व्हिटनी, वूस्टरचाच. वडिलांसाठी धंदा सोडायचा तो मुलीनेच, हे तिकडेही तसंच. व्हिटनीने नक्षीची आणि लेसची यंत्रं आपल्याच कारखान्यात बसवली, त्यामुळे इंग्लंडची लेस मागवायची गरज उरली नाही. पुढे त्याची कंपनीही दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेनासा झाल्यावर १९४२ मध्ये बंद पडली. बाईंनी लग्न केलं नाही. १९०४ मध्ये त्या वारल्या.

हे सगळं मी गटाच्या बैठकीत सांगितलं आणि ठशाचा विषय काढला. दोन तास वाद झाला. एक म्हणाली, ठसा मारला तर दुकानदार ऑर्डरच देणार नाही, मग नाव काय चाटायचंय? ती चुकीचं बोलत नव्हती, तिच्या मुलाची फी त्याच पैशातून जाते. दुसरीचं म्हणणं, गटाचं नाव घातलं म्हणजे अध्यक्षाचंच नाव झालं, करणारी पुन्हा मागेच. हेही मला पटलं, कारण अध्यक्ष मीच आहे.

शेवटी असं ठरलं. मागे गटाच्या नावाचा रबरी ठसा आणि त्याच्याखाली, ज्या जणीने शेवटचा हात फिरवला असेल तिने पेनाने आपलं नाव लिहायचं. दुकानदाराला आधीच विचारलं. तो म्हणाला, ठसा चालेल, पण यंदा ४०० नको, १५० द्या. उरलेली २५० आम्हालाच खपवायची आहेत. तालुक्याच्या प्रदर्शनात टेबल मिळालं आहे आणि दर जणीने आपल्या माहेरी २० कार्डं न्यायची आहेत. ठसा बनवायला १४० रुपये लागले. परवा पहिली ५० कार्डं तयार झाली. त्यातल्या ११ कार्डांवर शेवंताबाईंचं नाव आहे. लिहायला त्या मागच्या वर्षीच शिकल्या आहेत, त्यामुळे त्यांचं अक्षर मोठं आहे आणि ठशाच्या वर जातं.