शिलेदारी : जुनी आणि नवी

'फ्रीलान्सर' हा शब्द आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. बार्शी, चाळीसगाव, सावंतवाडी अशा गावांतूनही एखादा मुलगा किंवा मुलगी घराच्या माडीवर संगणक मांडून बसते, रात्री उशिरापर्यंत जागते, आणि नोकरी कुठे लागली असे कोणी विचारले की 'फ्रीलान्स करते' म्हणून सांगते. वडीलधाऱ्यांना उलगडा होत नाही. ही नोकरी म्हणावी, धंदा म्हणावा, की नुसते वेळ काढणे म्हणावे? श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधणे आम्हांस सोयीचे वाटते. कामाची साधने नवी असली तरी कामाची रीत जुनी आहे, आणि तिची दुखणीही जुनीच आहेत.

प्रथम शब्दच पाहू. 'लान्स' म्हणजे भाला. १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीत वॉल्टर स्कॉटने कोणत्याही राजाच्या पदरी न बांधलेल्या, मोल घेऊन लढणाऱ्या भालाइतांना 'फ्री लान्सेस' म्हटले. पुढे तो शब्द वृत्तपत्रांत सुटे लेखन करणाऱ्यांना लागला आणि तेथून सर्वत्र पसरला. पण आम्हा मराठी माणसांना त्यासाठी स्कॉटच्या दारी जाण्याचे कारण नाही. आपल्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे आणि तो पागेत मोडे. शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन चाकरीस येई, म्हणून त्याचा तनखा अधिक. मात्र लढाईत घोडा पडला तर नुकसान त्याचे. जनावर गमावले की त्याची शिलेदारी संपली, मग बारगीर व्हा नाहीतर घरी बसा. शिलेदार घोडा जपून लढतो, असे परकी निरीक्षकांनी लिहून ठेवले आहे. त्यात भित्रेपणापेक्षा हिशेब अधिक होता. शिवाजी महाराजांनी हे ओळखले असावे. सभासदाच्या बखरीत पागेचे बळ वाढवून शिलेदार पागेच्या आज्ञेत ठेवल्याचे सांगितले आहे.

इंग्रजांनीही ही पद्धत उचलली. १८१७ साली उभ्या राहिलेल्या पूना हॉर्ससारख्या पलटणी कित्येक वर्षे शिलेदारीवर चालल्या. भरती होणाऱ्या स्वाराला घोड्यासाठी आणि सरंजामासाठी ठरावीक रक्कम भरावी लागे. तिला 'असामी' म्हणत. चाकरी सोडताना ती रक्कम त्याला परत मिळे. ही असामी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. पहिल्या महायुद्धात या पलटणी समुद्रापार गेल्या, तेथे स्वारांनी आपले घोडे आपणच बदलून घेणे शक्य राहिले नाही, आणि युद्धानंतर ही पद्धत मोडीत निघाली.

आता नव्या शिलेदारीकडे वळू. १९९८ साली टॉमस मॅलोन आणि रॉबर्ट लॉबाकर या दोघा अभ्यासकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त एक लेख लिहिला. मोठ्या कंपन्यांऐवजी तारेने जोडलेली सुटी माणसे कामापुरती एकत्र येतील आणि काम संपताच पांगतील, असे त्यांचे भाकीत होते. त्या लेखातल्या 'ई-लान्स' या शब्दावरून बीरुद शेठ आणि श्रीनिवास अनुमोलू यांनी आपल्या नव्या बाजाराचे नाव 'ईलान्स' ठेवले. शेठ हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी, म्हणजे या बाजाराच्या मुळाशी पवईचा थोडासा संबंध आहे. कामाची जाहिरात गिऱ्हाइकाने लावायची, कारागिरांनी आपापला भाव सांगायचा, आणि गिऱ्हाइकाने त्यांतला एक निवडायचा, अशी ती रीत. २००१ साली 'रेंट ए कोडर' निघाले, २००४ साली स्वीडनमध्ये 'गेट ए फ्रीलान्सर' निघाले आणि २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या मॅट बॅरी यांनी ते विकत घेऊन त्यातून 'फ्रीलान्सर डॉट कॉम' उभे केले. २०१० साली इस्रायलमध्ये 'फायव्हर' सुरू झाले. तेथे उलटा क्रम, कारागीर आपला माल पाच डॉलरला मांडून बसे.

या बाजारांपुढे खरी अडचण विश्वासाची होती. कारागीर नाशकात, गिऱ्हाईक शिकागोत. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. पैसे आधी द्यावेत तर कारागीर पळेल, काम आधी द्यावे तर गिऱ्हाईक पळेल. यावर पहिला तोडगा म्हणजे रक्कम अडत्याकडे अनामत ठेवणे, दुसरा म्हणजे काम संपल्यावर दोघांनी एकमेकांविषयी शेरा लिहिणे. तिसरा तोडगा 'ओडेस्क'ने आणला. २००३ साली ओडिसियस त्सातालोस आणि स्ट्रॅटिस करमनलाकिस या दोघा ग्रीक मित्रांनी ही पेढी काढली; एक अमेरिकेत होता, दुसरा ग्रीसमध्ये. दूर बसलेला माणूस खरोखर काम करतो आहे हे कसे कळावे, हाच त्यांचा प्रश्न. त्यांनी तासावर काम करणाऱ्याच्या पडद्याचे चित्र दर दहा मिनिटांच्या तुकड्यात एकदा आपोआप टिपून गिऱ्हाइकाला दाखवण्याची सोय केली. त्या बदल्यात नोंदलेल्या तासाचे पैसे मिळण्याची हमी मिळाली. गिरणीतला मुकादम निदान अधूनमधून चहाला जाई, हा जात नाही. २०१३ च्या डिसेंबरात ईलान्स आणि ओडेस्क यांनी एकत्र येण्याचे जाहीर केले, आणि २०१५ साली त्या जोड पेढीचे नाव 'अपवर्क' झाले.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले. पुढची काही वर्षे सायबर कॅफेत ताशी पैसे मोजण्यात गेली. पण तारेपेक्षा मोठा अडसर हुंडणावळीचा होता. पन्नास डॉलरचे काम करावे आणि बँकेमार्फत पैसे मागवावेत, तर आकार जाऊन हाती उरते काय? पेपॅलसारख्या पेढ्यांनी ही वाट सोपी केली. पण २०१० च्या फेब्रुवारीत पेपॅलने भारतातली व्यक्तिगत देवघेव थांबवली आणि बँकेत पैसे उतरवून घेणेही काही काळ बंद पडले. त्या आठवड्यांत ज्यांची कमाई मधल्यामधे अडकली, त्यांना परकी अडत्यावर संसार चालवण्याचा अर्थ पहिल्यांदा कळला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने अशा वाटेने येणाऱ्या निर्यातीच्या रकमेस एका व्यवहारामागे ५०० डॉलरची मर्यादा घालून नियम केले. ती मर्यादा २०११ साली ३,००० आणि २०१३ साली १०,००० डॉलरवर नेली. कोणत्याही समारंभाविना झालेल्या या परिपत्रकांनी कित्येक घरांचा मार्ग मोकळा केला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली जागतिक ऑनलाइन कामगारांची मोजणी केली, तेव्हा त्यांतले सुमारे चोवीस टक्के भारतातले निघाले.

इतके असूनही नवशिक्याचा प्रश्न सुटला नाही, आणि आमच्या मते सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. शेरा नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून शेरा नाही. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही, असा हा न्याय. अमांडा पॅले या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने या कोंडीची परीक्षा घेतली. ओडेस्कवर तिने नोंदणीच्या साध्या कामासाठी जाहिरात दिली, आलेल्या अर्जदारांतून ९५२ जण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, गुणदोष न पाहता निवडले, त्यांना थोड्या तासांचे काम दिले आणि शेरे लिहिले. ज्यांना आधीचा अनुभव नव्हता त्यांना पुढे अधिक कामे मिळाली आणि त्यांची कमाईही वाढली. २०१४ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. निष्कर्ष साधा आहे. या नवख्यांत गुण होता, तो कोणी पाहिलेला नव्हता इतकेच. पण पहिले काम देण्याचा धोका एका गिऱ्हाइकाने पत्करायचा आणि त्याचा लाभ पुढच्या दहांनी घ्यायचा, हे त्या पहिल्या गिऱ्हाइकाने का करावे?

मुंबईच्या गिरण्यांत या प्रश्नाचे उत्तर मुकादम देत असे. कोकणातून वा घाटावरून आलेला गडी मुकादमाच्या ओळखीने आत शिरे, बदली म्हणून दारात उभा राही, दस्तुरी देई. त्या पद्धतीतला जुलूम सर्वश्रुत आहे. पण ओळखीचा एक माणूस जामीन राहतो म्हणून दार उघडते, हे तिचे मर्मही विसरू नये. नव्या बाजारात तोच मुकादम वेष पालटून आला. ख्रिस्तोफर स्टँटन आणि कॅथरीन टॉमस यांनी ओडेस्कची दप्तरे तपासली, तेव्हा असे दिसले की लहान पथकात शिरलेल्या नवशिक्याला पहिले काम मिळण्याची शक्यता अधिक आणि मजुरीही बरी. ही पथके बहुधा आधीच्या ओळखीपाळखीतून, एका गावच्या वा एका कॉलेजातल्या मंडळींतून बनलेली असत. कामांचे शेरे जमले की पथकाचा उपयोग सरे. नवख्याने एकट्याने शंभर ठिकाणी अर्ज टाकत बसण्यापूर्वी गावातला असा एखादा जाणता शोधावा, हे आम्हांस या संशोधनातून निघालेले सर्वांत व्यवहारी सूत्र वाटते. दुसरे असे, की कोणतेही काम करीन म्हणणाऱ्याला कोणी काम देत नाही. मराठी-इंग्रजी उपशीर्षके लिहीन, किंवा लहान दुकानाचे हिशेब बसवून देईन, असे एक ठाम सांगणारा लवकर नजरेत भरतो. गिऱ्हाइकाची जाहिरात नीट वाचून तिला चार ओळींत नेमके उत्तर द्यावे, आणि सोबत स्वतःचे केलेले एक काम दाखवावे.

भाव पाडण्याविषयी मात्र आमचे मत कडक आहे. एखाददुसरे काम कमी दराने करणे म्हणजे असामी भरणे होय. वर्षभर तसेच करणे म्हणजे घोडा विकून खाणे.

आणि काम देण्यासाठी जो पैसे मागतो तो गिऱ्हाईक नव्हे. 'घरबसल्या टंकलेखन' असे सांगून नोंदणी फी घ्यायची, शेकडो पाने टंकून घ्यायची, मग चुका काढून मजुरी बुडवायची आणि वर करारभंगाची नोटीस पाठवून दंड उकळायचा, हा प्रकार तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. घाबरून पैसे भरणारी बहुतेक सज्जन घरची मुले असतात. असा दंड भरू नये. पोलिसांच्या सायबर शाखेकडे जावे.

अडतीचा इतिहासही थोडक्यात सांगितला पाहिजे. अपवर्क पूर्वी सरसकट दहा टक्के घेई. २०१६ च्या मे महिन्यात तिने एका गिऱ्हाइकाच्या पहिल्या ५०० डॉलरवर वीस टक्के, पुढे १०,००० पर्यंत दहा आणि त्यावर पाच असा दर बसवला. म्हणजे जुन्या मातब्बराला सवलत आणि नवख्यावर दुप्पट बोजा! योगायोग पाहा, त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या डोक्यावरून काढून खरेदीदारावर टाकली आणि व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. इकडच्या शिलेदारांना बंद पाळायला बाजारच नव्हता. त्यांनी नुसती कुरकूर केली. २०१९ साली अर्ज टाकण्याच्या टोकनांनाही पैसे पडू लागले. २०२३ साली दर पुन्हा सरसकट दहा झाला आणि २०२५ साली तो कामागणिक बदलता झाला.

मजुरी नाकारण्याचा प्रश्न तर सोलापूरच्या विडीकामगार बायकांना विचारावा. घरी विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या, आणि तपासनीस 'छाट' म्हणून काढील त्यांचे पैसे बुडायचे. वर छाटलेल्या विड्या मालकाकडेच. घरी बसून उक्ते काम करणारीला मालक कोण आणि कामगार कोण, या वादात कायदा वर्षानुवर्षे अडकला होता. १९६६ साली संसदेने विडीकामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यात घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले, छाटीच्या तंट्याला निवाड्याची सोय ठेवली, आणि पुढे नियमांनी छाट किती काढावी यालाही मर्यादा घातली. मालकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून पाहिले. १९७४ साली न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. काम घरी होते म्हणून ते कायद्याच्या बाहेर जात नाही, हा त्या लढ्याचा लाभ होय.

नव्या शिलेदाराच्या वाट्याला त्यातले थोडेच आले आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी अवतरले. अपवर्कवरील लेखन करणाऱ्यांची दप्तरे तपासणाऱ्या अभ्यासकांना त्यानंतरच्या महिन्यांत त्यांची कामे सुमारे दोन टक्क्यांनी आणि कमाई सुमारे पाच टक्क्यांनी घटलेली आढळली. उत्तम शेरे असलेल्यांनाही त्या शेऱ्यांचे कवच लाभले नाही. घोडा पडावा तसे एखादे कौशल्यच पडते, आणि भरपाई कोणाकडे मागावी हे ठाऊक नसते.

आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' यांची प्रथमच व्याख्या केली. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. मध्यस्थ पेढ्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या देण्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी असे तीत आहे, आणि पेढ्यांच्या सूचीत टॅक्सी व जेवण पोहोचवणाऱ्यांबरोबर व्यावसायिक सेवा देणाऱ्यांचेही नाव आहे. शेऱ्यांविषयी तीत काही नाही. शिलेदार पलटण सोडून निघाला की असामी घेऊन घरी जाई. आजच्या मुलाचे खाते बंद झाले, की पाच वर्षांचे दोनशे शेरे त्या पेढीतच राहतात. ते दुसरीकडे नेण्याचा हक्क त्याला देणारे एकही कलम या संहितेत नाही.