तोकड्या पिस्तुलातील रिकॉइल स्प्रिंग : एका बदलत्या सुट्या भागाचा इतिहास

प्रास्ताविक

शस्त्रास्त्रांचा इतिहास बहुधा संशोधकांच्या नावांनी, लढायांनी आणि सरकारी खरेदीच्या निर्णयांनी लिहिला जातो. शस्त्राच्या पोटातील सुट्या भागांकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. अर्धस्वयंचलित पिस्तुलातील रिकॉइल स्प्रिंग हा असाच एक उपेक्षित भाग होय. गोळी सुटताच धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि ही स्प्रिंग दाबली जाते. दाबलेली स्प्रिंगच मग स्लाइडला पुढे ढकलते आणि मॅगझीनमधील नवे काडतूस नळीच्या मुळाशी असलेल्या कोठीत बसवते. ही क्रिया अर्धवट राहिली तर दुसरी गोळी सुटत नाही. शस्त्र बाळगणाऱ्या पोलीस शिपायाच्या दृष्टीने या एका वाक्यात सर्व काही आले.

पिस्तूल आकाराने लहान होत गेले, तसतसा या स्प्रिंगवरील भार वाढत गेला आणि शस्त्राच्या आयुष्यभर टिकेल अशी अपेक्षा असलेला हा भाग ठरावीक काळाने बदलण्याचा भाग बनला. हे स्थित्यंतर कसे घडले आणि बदली स्प्रिंग निवडण्याचा प्रश्न त्यातून कसा उद्भवला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्प्रिंगच्या जागेचा शोध

ह्यूगो बोर्खार्ट यांच्या १८९३ च्या पिस्तुलात घड्याळाच्या कमानीसारखी वळवलेली पट्टी होती. मुठीच्या मागे बाहेर आलेल्या फुगीर कवचात ती बसवलेली असल्याने शस्त्र बोजड झाले होते. गेओर्ग लुगर यांनी ती मुठीच्या आत नेली. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १९०० मध्ये स्वीकारलेल्या लुगर पिस्तुलात चपट्या पट्टीची कमान होती, तर १९०६ च्या सुधारित नमुन्यात तिच्या जागी वेटोळ्यांची स्प्रिंग आली. चपटी कमान मोडली की शस्त्र निकामी होते. वेटोळ्यांची स्प्रिंग एखादे वेढे तुटूनही काही काळ काम देऊ शकते. हा बदल लहान वाटला तरी पुढील शतकाची दिशा त्यात दिसते.

अमेरिकन संशोधक जॉन मोझेस ब्राउनिंग यांना १८९७ मध्ये मिळालेल्या पेटंटांत नळीवर सरकणाऱ्या स्लाइडची कल्पना आली आणि स्प्रिंग कोठे ठेवावी या प्रश्नाला नवे रूप मिळाले. त्यांनी एकाच उत्तरावर समाधान मानले नाही. बेल्जियममधील एफएन कारखान्याच्या १९०० च्या नमुन्यात स्प्रिंग नळीच्या वर होती आणि तीच तरफेच्या साहाय्याने काडतुसावर आघात करणाऱ्या पिनलाही बळ देत असे. १९१० च्या नमुन्यात त्यांनी ती नळीभोवतीच गुंडाळली. १९३१ च्या वाल्थर पीपीके या खिशात मावणाऱ्या जर्मन पिस्तुलातही हीच व्यवस्था आढळते. मात्र या दोन्ही पिस्तुलांत नळी स्थिर असते आणि काडतूस तुलनेने सौम्य असते. जोरदार काडतुसासाठी ब्राउनिंग यांनी नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवणारी रचना योजली. तीत नळी मागे सरकून खाली झुकते. अशा नळीभोवती स्प्रिंग बसवणे सोयीचे नसल्याने ती नळीखालच्या पोकळीत गेली. अमेरिकेच्या सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलेले .४५ एसीपी काडतुसाचे पिस्तूल याच पद्धतीचे होते. त्याआधीच्या चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या एकही अडथळा न येता झाडल्या गेल्या होत्या.

५ इंच नळीच्या या पिस्तुलाची प्रमाणित स्प्रिंग १६ पौंडांची मानली जाते. हा आकडा स्प्रिंगच्या वजनाचा नाही. स्लाइड पूर्ण मागे गेली असता स्प्रिंग जेवढ्या जोराने तिला पुढे ढकलते, तो जोर म्हणजे १६ पौंड. स्प्रिंगविक्रीतील सारी परिभाषा याच मापावर उभी आहे, आणि बरेच गैरसमजही.

तोकडेपणाची किंमत

पिस्तूल लहान करताना नळी कापता येते, मूठ कापता येते, स्लाइड कापता येते. काडतूस मात्र कापता येत नाही. .४५ एसीपी काडतुसाची कमाल लांबी १.२७५ इंच, म्हणजे सुमारे ३२.४ मिलिमीटर असते. नवे काडतूस उचलण्यासाठी स्लाइडला या लांबीपेक्षा थोडे अधिक मागे जावेच लागते. म्हणजे पिस्तुलाची लांबी घटली तरी स्लाइडचा प्रवास त्या प्रमाणात घटत नाही. स्प्रिंगला राहण्यासाठी मिळणारी जागा तेवढी आक्रसते. थोडक्या जागेत तेवढेच दबायचे, ही तोकड्या पिस्तुलातील स्प्रिंगची मूळ अडचण होय.

तीत दुसरी भर पडते. स्लाइड आखूड झाली की हलकी होते. काडतुसाचा धक्का जवळपास तेवढाच राहत असल्याने हलकी स्लाइड अधिक वेगाने मागे येते. तिला आवरण्यासाठी स्प्रिंग अधिक ताठ हवी. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंगचा जोर तिच्या दबण्याच्या प्रमाणात वाढतो. पण किती वाढतो हे तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर अवलंबून असते. यांपैकी तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. इतर मापे तीच ठेवून तार केवळ ५ टक्के जाड केली तरी ताठरपणा सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. जाड तार अधिक जागाही व्यापते. सर्व वेढे एकमेकांना भिडले की स्प्रिंग पुढे दबू शकत नाही, आणि स्लाइडचा प्रवास त्याआधी पूर्ण झालेला नसेल तर पिस्तूल चालणारच नाही. जागा आणि जोर यांच्यातील हा झगडा पुढील प्रत्येक तोकड्या नमुन्यात दिसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने अधिकाऱ्यांसाठी हलक्या पिस्तुलाचा विचार सुरू केला. त्यातून कोल्ट कंपनीचे ‘कमांडर’ १९४९-५० च्या सुमारास आले. त्याची नळी ४.२५ इंच, सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि प्रमाणित स्प्रिंग १८ पौंडांची. पाऊण इंच कमी केल्याची ही किंमत माफकच म्हणावी लागेल. खरी कसोटी ३.५ इंचांवर लागली. १९७० च्या दशकात सिॲटलच्या डेटॉनिक्स कंपनीने या लांबीचे .४५ पिस्तूल आणले, तेव्हा एका जाड स्प्रिंगऐवजी एकात एक बसणाऱ्या स्प्रिंगांचा मार्ग पत्करला. बारीक तारेच्या स्प्रिंगा एकात एक घातल्या की जोर विभागला जातो आणि दबलेली उंची आटोक्यात राहते. कोल्टच्या १९८५ च्या ‘ऑफिसर्स एसीपी’मध्येही एकात एक दोन स्प्रिंगा होत्या आणि एकत्रित जोर सुमारे २२ पौंड होता. या स्प्रिंगांना पुढून रोखणाऱ्या टोपणावर ताण इतका येई की सुरुवातीच्या काही पिस्तुलांत त्याचा कान तुटून टोपण पुढे उडून जाई. स्प्रिंग बळकट केली की ताण नाहीसा होत नाही, तो शेजारच्या भागाकडे सरकतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

ऑस्ट्रियातील ग्लॉक कंपनीचे मूळ पिस्तूल १९८२ मध्ये तेथील सैन्याने स्वीकारले, ते एका स्प्रिंगचे होते. त्याच कंपनीच्या १९९५ च्या आखूड ‘ग्लॉक २६’मध्ये मात्र दुहेरी स्प्रिंगसंच आला. ब्राउनिंग यांच्या मूळ पिस्तुलात घोडा मागे सारण्यातही स्लाइडची काही शक्ती खर्च होत असे. ग्लॉकमध्ये बाहेरचा घोडाच नसल्याने ती सवलतही उरली नव्हती.

बदली स्प्रिंगची निवड

पोलादी स्प्रिंग मर्यादेत दबली तर दीर्घकाळ टिकते. तोकड्या पिस्तुलात ती मर्यादेच्या अगदी जवळ दबते. त्यामुळे तिची मोकळी लांबी हळूहळू घटते आणि जोर उतरतो. पूर्ण आकाराच्या पिस्तुलातील स्प्रिंग काही हजार गोळ्यांनंतर बदलावी असा संकेत आहे. ३ ते ३.५ इंच नळीच्या पिस्तुलांत तो बहुधा हजार गोळ्यांच्या आसपास येतो. या गरजेतून सुट्या स्प्रिंगांचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. पेनसिल्व्हानियातील डब्ल्यू. सी. वूल्फ ही कंपनी त्यातील ठळक नाव. एकाच पिस्तुलासाठी पौंडापौंडाच्या अंतराने स्प्रिंगा मिळू लागल्यावर, कोणती घ्यावी हा प्रश्न कारखान्यातील अभियंत्याकडून शस्त्रधारकाकडे आला. तो सुटला तितक्याच वेळा बिघडलाही.

सर्वांत टिकाऊ गैरसमज म्हणजे जितकी ताठ स्प्रिंग तितके शस्त्र सुरक्षित. फार ताठ स्प्रिंग स्लाइडला पूर्ण मागे येऊ देत नाही. पुंगळी अडकते, किंवा नवे काडतूस उचललेच जात नाही. स्लाइड पूर्ण मागे आली तरी परतताना ती इतक्या वेगाने येते की मॅगझीनमधील स्प्रिंगला पुढचे काडतूस वेळेत वर ढकलता येत नाही. १९११ च्या रचनेत आणखी एक धोका आहे. तिच्यातील आघात-पिन जडत्वावर चालते. स्लाइड जोरात आदळली तर ही पिन आपसूक पुढे जाऊ शकते. वूल्फ कंपनी या पिस्तुलाच्या रिकॉइल स्प्रिंगबरोबर पिनची अधिक जोराची स्प्रिंगही देते, ती याचसाठी. उलट, दुबळ्या स्प्रिंगमुळे स्लाइड सांगाड्यावर आदळते आणि परतताना कोठी नीट बंद करत नाही.

कारागिरांत एकेकाळी चालणारा दुसरा उपाय म्हणजे लांब पिस्तुलाची स्प्रिंग कापून आखूड पिस्तुलात घालणे. तो वाटतो तितका निरुपद्रवी नाही. वेढे कमी झाले की प्रत्येक मिलिमीटरमागचा ताठरपणा वाढतो, पण मोकळी लांबी घटल्याने बसवतानाचा प्रारंभिक जोर कमी होतो. स्लाइड बंद करण्याच्या शेवटच्या क्षणी, जेथे जोर हवा तेथेच तो अपुरा पडतो. म्हणूनच १६ पौंड हा आकडा दुसऱ्या नमुन्यात नेऊन उपयोग नाही. तो त्या विशिष्ट लांबीपर्यंत दबलेल्या स्प्रिंगचा आकडा असतो. निवडीचा आरंभ मूळ कारखान्याच्या प्रमाणापासून करणे आणि नेहमीच्या काडतुसांनिशी पडताळा घेऊनच एखाद-दुसऱ्या पौंडाने पुढेमागे जाणे, एवढाच मार्ग अनुभवाला धरून आहे.

भारतातही हा प्रश्न परका नाही. ईशापूर येथील रायफल फॅक्टरीत बनणारे सैन्याचे ९ मिमी पिस्तूल हे १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरवर आधारलेले, म्हणजे नळीखालील स्प्रिंगच्याच कुळातले. पण ते पूर्ण आकाराचे असल्याने तोकडेपणाची झळ त्याला लागली नाही.

२०१० मध्ये ग्लॉकने चौथ्या पिढीच्या मोठ्या पिस्तुलांतही आखूड नमुन्यासारखा दुहेरी संच आणला. २०११ मध्ये कंपनीला हे स्प्रिंगसंच विनामूल्य बदलून देण्याची योजना जाहीर करावी लागली. लहान पिस्तुलाच्या गरजेतून जन्मलेली रचना मोठ्या पिस्तुलात नेतानाही जोराचा मेळ नव्याने घालावा लागतो, हे निर्मात्यालाही चुकले नाही. स्प्रिंग उतरली की नाही हे ओळखण्यासाठी ग्लॉकचे शस्त्रदुरुस्तीकार जी पद्धत वापरतात, तिला कोणतेही उपकरण लागत नाही. पिस्तूल पूर्ण रिकामे असल्याची खात्री करून चाप दाबून धरायचा, स्लाइड मागे ओढायची, नळी ४५ अंशांत वर करायची आणि स्लाइड हळूहळू पुढे सोडायची. ती आपल्या वजनावर मात करून पूर्ण बंद झाली नाही, तर स्प्रिंग बदलायची.