पावसाळ्यातली उचल

तमाशाच्या फडावर लिहिणारे बहुतेक जण ढोलकीपासून सुरुवात करतात. मला फड आधी कळला तो खतावणीतून. नारायणगावच्या पेठेत आमचं किराणा दुकान होतं. वडील फडांना उधारीवर माल द्यायचे आणि शाळा सुटल्यावर नावे-जमा लिहायचं काम माझ्याकडे असायचं. शेतकऱ्यांची पानं सुगीला मिटायची, नोकरदारांची एक तारखेला. फडांच्या पानांची तऱ्हा वेगळी. ज्येष्ठात ती उघडायची आणि भाद्रपदापर्यंत भरत जायची. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात गहू-तांदळाची पोती, तेलाचे डबे, मिरची, बत्त्यांसाठी रॉकेल असा मोठा माल एकदम चढायचा आणि सगळी माणसं ट्रकात बसून निघून जायची. वसुली पुढच्या चैत्रात. एवढी जोखीम कशी घेता, असं कुणी विचारलं की वडील म्हणत, "यात्रा काय कुठं पळून जातीय का?"

आज बाहेरच्या माणसाला नारायणगाव म्हटलं की टोमॅटोचा बाजार आठवतो, फार तर जवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण. पण त्याआधी हे फडांचं गाव होतं, अजूनही आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरची जागा; एका अंगाला जुन्नर, आंबेगाव, खेड, दुसऱ्या अंगाला संगमनेर आणि अकोले, पलीकडे पारनेर आणि शिरूर. या साऱ्या पट्ट्यात गावागणिक दैवत आणि दैवतागणिक यात्रा. शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईच्या नारायण खुड्यांनी उभा केलेला फड पुढे त्यांच्या मुलांच्या, भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या नावानं गाजला. भाऊंची मुलगी विठाबाई. तिच्यामुळे गावाचं नाव फडाच्या पाटीवरून साऱ्या महाराष्ट्राला पाठ झालं.

गुढीपाडव्याच्या आगेमागे रस्त्यालगत राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीवर फडाचं नाव रंगवलेली पाटी, आत सतरंजी, एक लाकडी टेबल आणि तारखांचा फळा. गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे पंच जीपगाड्या करून येतात आणि या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात. चहा होतो. मग प्रश्न सुरू: पोरी किती, ढोलकीला कोण, सोंगाड्या तोच का गेल्या सालचा, वग कोणता लावणार. मालक किंवा मालकीण पंचांकडे न बघता फळ्याकडे बघत बोलतात. खरा सौदा तिथीचा असतो. चैत्री पौर्णिमेला पन्नास गावांची यात्रा, आणि फड एका रात्री एकाच गावात उभा राहणार. त्या तारखेला सुपारी मागाल ती मिळते. चार दिवसांनी मात्र तारीख मोकळी, आणि मोकळ्या तारखेलाही शंभर-सव्वाशे माणसांची भाकरी, ट्रकचं डिझेल आणि जनरेटरचं भाडं सुटत नाही. सौदा जमला की विसार घ्यायचा, करार लिहायचा आणि शेवटी पंच हमखास विचारणार, "हजेरी धरून ना?"

शहरातल्या वाचकाला हजेरी सांगायला हवी. रात्रभर गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग झाल्यावर सकाळी त्याच गावात पुन्हा दिवसाउजेडी नाचगाण्याचा कार्यक्रम होतो, ती हजेरी. पहाटे पडदा उतरवायचा, दोन घटका डोळा लागतो न लागतो तोच तोंडाला पुन्हा रंग. दुपारी हजेरी संपली की तंबूचे बिगारी खांब उपटतात, सामान ट्रकात, माणसं सामानावर आणि संध्याकाळी पुढचं गाव. चैत्र-वैशाखात हे चक्र थांबत नाही. यात्रेचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसऱ्यापासून, तिकीट लावून तंबूचे खेळ. तिथं पाऊस आला, शेजारी दुसरा फड लागला, गावात मयत झालं, तर गल्ला रिकामा. फडमालक या सगळ्याचा धनी. पोलीस ठाण्याचा परवाना, जनरेटरची दुरुस्ती, ढोलकीवाल्याचं आजारपण, दोन पोरींचं भांडण, भटारखान्यातलं पीठ, सगळं त्याच्याच डोक्यावर. आणि बरेचदा तोच वगातला राजाही. आजच्या इव्हेंटवाल्यांकडे एकेका कामाला एकेक माणूस असतो.

विठाबाईंची एक हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, मध्येच कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. ही गोष्ट नेहमी धाडसाची म्हणून सांगतात. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि सांगणाऱ्याला टाळ्या मिळतात. दुकानदाराच्या पोराला तिच्यात करार ऐकू येतो. सुपारी घेतलेली, विसार खर्च झालेला, समोर पब्लिक बसलेलं. खेळ मोडला तर पैसे परत, आणि पैसे परत म्हणजे त्या आठवड्याचा शिधा गेला. बोर्डावर परत जाणं हा तिच्या स्वभावाचा भाग असेलही, पण न जाण्याची सोय कुणी ठेवली होती? राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही बाई २००२ साली गेली ती हलाखीत. नंतर राज्य सरकारनं तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो पुरस्कार घेणाऱ्यांत तिची मुलगी मंगला बनसोडे हीसुद्धा आहे आणि तिनंही आयुष्यभर स्वतःचा फड चालवला.

आता पावसाळा. फडाला सुटी असते ती या काळात, असं सगळे मानतात. बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास हंगाम संपतो आणि कलावंत आपापल्या गावी जातात. कुणी कोरडवाहू तुकड्यात बाजरी पेरतं, कुणी आजीकडे वाढलेल्या पोरांना महिनाभर जवळ घेऊन झोपतं. फडातल्या घरांमधली लग्नं मी ज्येष्ठातच पाहिली. वैशाखात साऱ्या जगाची लग्नं लागतात तेव्हा ही माणसं दुसऱ्यांच्या यात्रेत असतात. चार महिने घर, आठ महिने गाडी. एवढं चोख वेळापत्रक कुणी बसवलं नव्हतं, पावसानं बसवलं. भिजक्या रानात तंबू उभा राहत नाही आणि चिखलात ट्रक चालत नाही, म्हणून विसावा. कलावंताच्या अंगाला तो लागतही असे. आषाढात दुकानात येणाऱ्या नाचणाऱ्या बायका वैशाखातल्या बायकांपेक्षा वयानं लहान दिसायच्या.

मालकाचं उलटं. पुढच्या हंगामासाठी माणसं बांधायची ती याच महिन्यांत. कलावंताला आगाऊ रक्कम द्यायची, ती उचल. उचल घेतली की हंगामभर त्या फडात राहायचं आणि पगारातून ती फेडत जायची. चांगल्या ढोलकीवाल्यासाठी दोन-तीन फड टपलेले असत. ज्याची उचल मोठी त्याच्याकडे माणूस. हे पैसे मालकाजवळ असत कुठे? वैशाखातली कमाई जुन्या देण्यात गेलेली. मग तो सावकाराकडे जायचा. बँक दारात उभी करत नसे. तारण ठेवायला जमीन नाही, धंदा म्हणून कागद नाही आणि फड चालवणाऱ्या बहुतेकांची जात गावकुसाबाहेरची. सावकार व्याज लावायचा महिन्याच्या हिशेबानं. म्हणजे बाकीचा फड बाजरी पेरत असताना मालक कर्ज पेरत असायचा, आणि आश्विनात दसऱ्याचा नारळ फुटायच्या आधीच येणाऱ्या चैत्राची कमाई खर्च झालेली असायची. आमच्या खतावणीतली पानं ज्येष्ठात का उघडत, याचं उत्तर हे. उचल वाटून झाल्यावर घरात मीठ-तेलाला पैसा उरत नसे.

एक वाट होती. पावसाळ्यात काही फड मुंबई गाठत. लालबागचं हनुमान थिएटर म्हणजे डोक्यावर छप्पर, आणि समोर गिरणीत पाळी करून आलेला आपल्याच मुलखातला कामगार. जुन्नरचा माणूस परळच्या चाळीत राहून गावाकडचा वग बघायला रोख तिकीट काढायचा. तेवढ्या दिवसांची उधारी आमच्या पानावर चढत नसे आणि मनीऑर्डरीनं थोडी वसुलीही व्हायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या बसल्या, कामगार पांगला आणि फडांचा पावसाळ्यातला रोखीचा धंदा बुडाला. संपाचा इतिहास लिहिताना या खात्यातली खोट कुणी मांडत नाही, कारण ती मांडायला गिरणगावापासून आमच्या पेठेपर्यंत यावं लागतं.

असे तडाखे फडांना नवे नव्हते. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशाच बंद केला होता. दत्तो वामन पोतदारांच्या समितीनंतर तो अटींसह सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले, तिकीट कोण काढणार? सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर रात्री दहाला कर्णे बंद करण्याची सक्ती कडक झाली आणि पहाटेपर्यंत चालणारा वग दीड तासात उरकायची पाळी आली. वगच गेला म्हणा ना. नोव्हेंबर २०१६ मध्ये तंबूचे खेळ नुकते सुरू झालेले असताना नोटा रद्द झाल्या आणि तिकीट खिडकीवर सुटे पैसे उरले नाहीत. या प्रत्येक वेळी फड उभे राहिले ते कसे, हे विचारायला पुण्याहून पोरं येतात, वही काढतात आणि जिद्द, कलेवरची निष्ठा असले शब्द लिहून घेतात. निष्ठा होती, नाही कशाला म्हणू. पण त्याहून मोठं कारण उचलीचं आहे. मालकाचे पैसे कलावंतांकडे अडकलेले, कलावंत मालकाला बांधलेले, दोघं मिळून सावकाराला बांधलेले. फड मोडला तर तिघांचेही बुडणार. म्हणून तिघंही तो मोडू देत नसत.

कांताबाई सातारकरांचं उदाहरण बघा. पती तुकाराम खेडकर १९६४ साली गेले तेव्हा कांताबाईंच्या पदरात मुलं होती आणि हातात फड नव्हता. नाव गाजलेलं असूनही त्यांना पुन्हा पहिल्यापासून जमवाजमव करावी लागली, आणि पुढे त्यांनी स्वतःचा फड काढला, वगात शिवाजी महाराजांची भूमिका केली, मुलगा रघुवीर यांना बोर्डावरच मोठं केलं. मुलांना घरी कोण बघणार, हा प्रश्न फडात असाच सुटतो. पोर पेटाऱ्याशेजारी झोपतं, जरा मोठं झालं की झील धरतं आणि मग तेच फड चालवतं. घर आणि धंदा वेगळे ठेवा, असं माझी पुण्यातली भाची, लग्नांची व्यवस्था करणाऱ्या कंपनीची मालकीण, आपल्या हाताखालच्या पोरांना सांगते. ती स्वतः ते पाळत नाही. तिला पावसाळाही नाही. हॉल बंदिस्त झाले तेव्हापासून आषाढातसुद्धा फोन वाजतो.

मग २०२० आलं. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता, देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. राहुट्या ओस पडल्या. वडील तेव्हा हयात नव्हते, बरंच झालं. यात्रा पळून जाऊ शकते हे त्यांना पटलं नसतं. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी राज्यात पुन्हा निर्बंध लागले. लागोपाठ दोन चैत्र गेले म्हणजे दोन उचली बुडाल्या. ट्रक विकले गेले, तंबू उंदरांनी खाल्ले, ढोलकीवाले भाजीच्या गाडीवर उभे राहिले. कांताबाईही मे २०२१ मध्ये करोनानं गेल्या.

फड परत उभे राहिले, पण बोली बदलली. नाचणाऱ्या पोरींना आता ऑर्केस्ट्रा आणि लावणी शो एका रात्रीचे रोख देतात. हंगामभर बांधून घ्यायचं तर उचल पूर्वीपेक्षा जड द्यावी लागते. मधे माझ्या ओळखीच्या एका फडमालकिणीच्या राहुटीत बसलो होतो. तिनं करारातून हजेरी काढून टाकली आहे. पोरी झोपल्या नाहीत तर पंधरा दिवसांत आजारी पडतात आणि मधेच पळून जातात, मग उचल कुणाकडून वसूल करू, असा तिचा रोकडा हिशेब. काही गावांनी त्यापायी तिला सोडलं. आम्ही बोलत असताना पारनेरकडचे पंच आले, चैत्र वद्य अष्टमी मागत होते, भैरवनाथाची यात्रा. फळ्यावर ती तारीख मोकळीच होती. ती म्हणाली, जमायचं नाही. पंच दीडपटीवर गेले, तरी नाही. ते उठून गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "नातीचं जावळ हाय त्या दिशी. पोरीच्या वेळंला म्या नव्हते." ती सुपारी शेजारच्या राहुटीनं घेतली, हजेरीसकट.