शुल्ट्झ, चार्ल्स मनरो

(२६ नोव्हेंबर १९२२ – १२ फेब्रुवारी २०००). अमेरिकन व्यंगचित्रकार, ‘पीनट्स’ या वृत्तपत्रीय चित्रमालिकेचे जनक. जन्म मिनीॲपोलिसचा, बालपण शेजारच्या सेंट पॉलमध्ये. वडिलांचे केशकर्तनालय होते. चित्रकला एका संस्थेकडून टपालाद्वारे शिकले आणि दुसऱ्या महायुद्धातील लष्करी सेवेनंतर त्याच संस्थेत शिकवू लागले. ‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० रोजी ७ वृत्तपत्रांत सुरू झाली. हे नाव वितरक संस्थेने परस्पर ठेवले. शुल्ट्झ यांना ते कधीच रुचले नाही.

कमी जागेत बसणारी मालिका म्हणून ती संपादकांना विकली गेली. चारही चौकटी सारख्या मापाच्या असल्याने त्या आडव्या, उभ्या किंवा चौरस, कशाही लावता येत. जागेच्या या अडचणीतूनच शुल्ट्झ यांची शैली घडली असे म्हणता येईल : मोजक्या रेषा, जवळजवळ रिकामी पार्श्वभूमी आणि शेवटच्या चौकटीआधीची एखादी अबोल चौकट.

मालिकेत मोठी माणसे दिसत नाहीत. मोठ्यांच्या विवंचना मात्र मुलांच्या तोंडी येतात. मालिकेचा नायक चार्ली ब्राउन याचा संघ बेसबॉलचे सामने हरतच राहतो, त्याचा पतंग झाडात अडकतो आणि तो लाथ मारायला धावला की लूसी ही मुलगी ऐन वेळी फुटबॉल काढून घेते. हीच लूसी पाच सेंटांत मानसोपचाराचा सल्ला विकते! सल्ला बहुधा निर्दय असतो आणि बऱ्याचदा खराही. हरणाऱ्याचे सांत्वन करण्याचा मोह शुल्ट्झ टाळतात. पुढच्या वर्षी चार्ली पुन्हा धावतो, एवढेच ते दाखवतात. त्यांच्या शहाणपणाची सुभाषिते भेटकार्डांवर पुष्कळ छापली गेली, पण संदर्भाबाहेर ती गुळचट वाटतात. चार्लीच्या अव्यक्त प्रेमाचा विषय असलेली लाल केसांची मुलगी शुल्ट्झ यांना तरुणपणी मिळालेल्या नकारातून आली.

कृष्णवर्णीय नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एका शिक्षिकेने कृष्णवर्णीय पात्राची मागणी केली. आपण उपकार करत आहोत असे दिसेल, या शंकेने शुल्ट्झ आधी कचरले; अखेर जुलै १९६८ मध्ये फ्रँकलिन अवतरला. पुढे स्नूपी या कुत्र्याचे प्रस्थ इतके वाढले की मूळची धार काहीशी बोथट झाली.

विनोद सुचण्यापासून अक्षरे काढण्यापर्यंत सारे काम शुल्ट्झ स्वतः करीत. उतारवयात हाताला कंप सुटला, तरी मदतनीस घेतला नाही. एकूण १७,८९७ मालिकाचित्रे त्यांनी काढली. आपल्यानंतर ती दुसऱ्या कोणी काढू नये अशी त्यांची अट असल्याने वृत्तपत्रे आजही जुनीच चित्रे पुन्हा छापतात.