माझगावची शाळा आणि आपला वारसा

मुंबईतील आपल्या वाडवडिलांनी सिनेगॉगइतकीच काळजी शाळेची वाहिली. एकोणिसाव्या शतकात आपली बरीच मुले मिशनऱ्यांच्या मराठी शाळांत शिकत. तेथे विद्या मिळे, परंतु धर्मशिक्षण ख्रिस्ती असे. ही उणीव ओळखून हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली समाजाची शाळा सुरू केली. मराठी व इंग्रजीबरोबर हिब्रूलाही तेथे स्थान मिळाले. पुढे माझगावच्या या शाळेला सर एली कदूरी यांचे नाव देण्यात आले. रिबेका रूबेन यांनी अनेक वर्षे मुख्याध्यापिका म्हणून तिची धुरा सांभाळली.

१९४८ नंतर आपली कुटुंबे इस्रायलला येऊ लागली, तसतशी बाकांवरील आपली मुले कमी झाली. शाळा मात्र बंद पडली नाही. हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांची मुले तेथे शिकू लागली. आपल्या मुलांसाठी उभारलेली शाळा साऱ्या वस्तीची झाली.

इकडे आल्यावर आपल्या विवाहांविषयी शंका घेतली गेली. त्याविरुद्ध आपण झगडलो आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. परके मानले जाण्याचे दुःख आपण जाणतो. म्हणून इथिओपियाहून किंवा रशियाहून आलेले मूल वर्गात आपल्या नातवंडांशेजारी बसले, तर त्याला आपले मानावे, हे आपणच त्यांना घरी शिकवू या. माझगावच्या शाळेचे ऋण असेच फिटेल.