स्नूकरची पहिली व्यावसायिक स्पर्धा : एक साधनविचार

इतिहासाच्या साधनांत थोर व क्षुद्र असा भेद करण्याची संवय आपणां संग्राहकांस जडलेली आहे. सनद हातीं आली कीं आपण ती जिवापाड जपतों. खेळाच्या गुणांचा कागद मात्र रद्दींत जातो. हा भेद कसा फसवा आहे, हें दाखविण्यासाठीं स्नूकर या खेळाच्या एका लहानशा स्पर्धेचा वृत्तांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ही स्पर्धा इंग्लंडांत नोव्हेंबर १९२६ मध्यें सुरू होऊन मे १९२७ मध्यें संपली. धंदेवाईक खेळाडूंत त्या काळीं खरा मान बिलियर्ड्सचा. स्नूकर हें केवळ तोंडीं लावणें. लंडन येथील थर्स्टनच्या सभागृहांत मेल्बर्न इनमन व टॉम न्यूमन यांचा पहिला सामना झाला, तोदेखील त्यांच्या बिलियर्ड्सच्या मोठ्या सामन्यास जोड म्हणून. स्पर्धेंत खेळाडू अवघे दहा होते. बर्मिंगहॅम येथील अंतिम सामन्यांत जो डेव्हिस यानें टॉम डेनिस याचा २० विरुद्ध ११ डावांनीं पराभव केला. विजेत्याच्या पदरीं पडले ६ पौंड १० शिलिंग आणि एक रुप्याचा चषक. पुढें १९३५ मध्यें या स्पर्धेच्या नांवास 'जागतिक' हें विशेषण जोडलें गेलें, आणि १९४६ पर्यंत डेव्हिसनें ती पंधरा वेळां जिंकली. अशा किरकोळ स्पर्धेचे स्थळ, काळ व गुण आज निश्चितपणें सांगतां येतात, कारण ते त्याच वेळीं नोंदले गेले.

आतां खुद्द खेळाच्या जन्माकडे पाहावें. ही स्पर्धा झाली तेव्हां तो कोठें जन्मला याविषयीं एकवाक्यता नव्हती. ता. १९ मार्च १९३८ रोजीं 'द फील्ड' या नियतकालिकांत सर नेव्हिल चेंबरलेन यांचें पत्र प्रसिद्ध झालें. हे त्याच नांवाचे इंग्लंडचे मुख्य प्रधान नव्हत. हे निवृत्त लष्करी अधिकारी, वय ८२. आपण इ. स. १८७५ मध्यें जबलपूर येथील पलटणीच्या भोजनगृहांत रंगीत चेंडूंची भर घालून हा खेळ रचला, असें त्यांचें म्हणणें. वुलविचच्या लष्करी विद्यालयांत नवख्या विद्यार्थ्यास 'स्नूकर' म्हणत. तेंच नांव खेळास पडलें. १९३९ मध्यें कॉम्प्टन मॅकेंझी यांनीं लेख लिहून या म्हणण्यास दुजोरा दिला.

येथें प्रमाणाचा प्रश्न उपस्थित होतो. साक्षीदार आप्त खरा, परंतु श्रेयाचा वांटेकरीही तोच. आणि साक्ष घटनेनंतर ६३ वर्षांनीं दिलेली. म्हणून 'जबलपूर, १८७५' हा निर्णय आम्ही ग्राह्य मानतों, निर्विवाद मानीत नाहीं. बर्मिंगहॅमचा निकाल समकालीन नोंदीवर उभा आहे. जबलपूरचा वृद्धाच्या स्मरणावर. गौण घटनेस बळकट पुरावा व मूळ घटनेस दुबळा, असा हा विपर्यास आहे.

तो कांहीं अंशीं अजूनही दूर होणें शक्य आहे. जबलपूर, उटकमंड, पुणें, देवळाली अशा छावण्यांच्या जुन्या क्लबांतील हिशेबवह्या, सामानाच्या याद्या, खाजगी पत्रें व रोजनिशा यांत १८७५ नंतरच्या दशकांतील रंगीत चेंडूंच्या खरेदीची एक ओळ सांपडली, तरी ती या साक्षीस मोठाच आधार देईल. असे कागद कोणा संग्राहकाच्या दप्तरांत असतील, तर त्यांनीं ते क्षुद्र म्हणून टाकूं नयेत, एवढीच आमची विनंति आहे.