गाडगे महाराज आणि यात्रेकरूंच्या निवासाचा प्रश्न

तीर्थक्षेत्री आलेल्या यात्रेकरूने मुक्काम कोठे करावा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या प्रारंभी केवळ जागेचा नव्हता. तो जातीचाही होता. पंढरपुरात जातवार मठ आणि धर्मशाळा होत्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्याला त्यांत प्रवेश नसे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाकडे वाढलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर तथा गाडगे महाराज यांनी या उणिवेवर नेमके बोट ठेवले. पूर्णाकाठी ऋणमोचन येथे लोकवर्गणीतून घाट बांधण्यापासून सुरू झालेले त्यांचे बांधकाम पंढरपूर, नाशिक, आळंदी व देहू येथील धर्मशाळांपर्यंत पोहोचले. मुंबईत रुग्णांच्या नातलगांचीही सोय झाली. निवासाची गरज देवदर्शनापुरती नसते, ही जाण त्यामागे होती. महाराजांच्या चरित्रांत खराटा जितका ठळक दिसतो, तितक्या या वास्तू दिसत नाहीत. वस्तुतः पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेचे नावच तिचा हेतू सांगते. १९४९ मध्ये ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंसाठी उभारलेले छप्पर अशा रीतीने शिक्षणकार्याकडे गेले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ, प्रवासातच, महाराजांचे निधन झाले.